गादीची चड्डी

“आधी चड्डी नीट घे, अक्का. सायकल कशीही चालते.”

जाता जाता माणसं काय काय सांगून जातात. शेजारच्या खाटेवरचे आजोबा मुलाचा हात हातात घेऊन “आईला सांभाळ” म्हणत होते आणि त्यांच्या उशापायथ्याची मंडळी रुमालात तोंड खुपसून बसली होती. अक्काचा धाकटा भाऊ मात्र नाकात नळी असताना चड्डीवर बोलत होता, आणि नळीतूनही त्याचा आवाज अख्ख्या वॉर्डात पोचत होता.

“आतून गादी असलेली बघ. गादी पातळ आणि घट्ट हवी, उशीसारखी फुगलेली नको. मधोमध शिवण येता कामा नये, नाहीतर उभ्याने जेवायची पाळी येईल. कंबर मागून उंच. लांबी गुडघ्याला टेकेल इतकी. कापड ताणलं तर ताणलं पाहिजे, पण झुडपात अडकलं तर फाटता कामा नये. आणि तिच्या आत दुसरं काहीही घालायचं नाही.”

“हळू बोल रे!”

“कळलं ना? काहीही नाही.”

औषधं घेऊन आलेली नर्स मान खाली घालून हसली. अक्काला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण धाकट्याचे डोळे हसत नव्हते. गावामागच्या डोंगरावर एक दगडी पाण्याचं टाकं होतं. दर रविवारी तो तिथपर्यंत सायकल हाणत जायचा आणि गुडघे फोडून परत यायचा. घरात त्याला ‘नाद’ असा शब्द होता, आणि तो उच्चारताना सगळे एकाच पद्धतीने मान हलवत.

“माझ्या सायकलवरून एकदा टाक्यापर्यंत जाशील? चालत नाही. कुणाच्या गाडीतून नाही. सायकलवरून.”

“मला कुठली येतेय आता सायकल?”

“मला कुणी शिकवली मग?”

हे खरं होतं. घरात पहिली सायकल आली ती अक्काची. तिचं सीट मागून धरून, धापा टाकत, अक्काने धाकट्याला शिकवलं होतं. मग एक दिवस अक्का मोठी झाली असं मोठ्यांच्या लक्षात आलं आणि सायकल धाकट्याची झाली. तिने ती आपणहून दिली असं पुढे घरात सांगितलं जाई. इतक्या वेळा सांगितलं गेलं की नंतर नंतर तिलाही तसंच आठवू लागलं.

“जाईन,” अक्का म्हणाली.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ते आजाऱ्याची समजूत काढणं झालं असतं. पण अक्का नेमाची बाई. तिने एकदा तोंडातून शब्द काढला की तो देवापुढे ठेवल्यासारखाच. पहाटे उठल्यापासून सूर्य वर येईपर्यंत तिचं मौन असे. कितीतरी वर्षांचा हा नेम. ताप असो, पाहुणे असोत, तो कधी चुकला नव्हता. घरच्यांना तिच्या या नेमाबद्दल फार आदर होता, कारण घरातले सगळे निर्णय त्याच वेळात घेतले जात. यजमान शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणत, “यंदा कुठे जायचं नाही असं ठरवलंय. तुझं काही म्हणणं?” मग शिष्टाचार म्हणून क्षणभर थांबत आणि म्हणत, “नाही ना? ठीक.”

धाकटा गेला. काही महिने गेले. मग एका दुपारी भावजयीचा फोन आला.

“वन्सं, सायकलला गिऱ्हाईक आलंय. महिनाअखेरीला घेऊन जाईल. इथे येताजाता पायात येते हो, आणि दिसली की मलाही… तोवर तुमच्याकडे ठेवाल का?”

“ठेवते.”

“ओरखडा नको हं पडायला. तसं बोलणं झालंय त्याच्याशी.”

सायकल आली आणि इमारतीच्या तळघरात खांबाला टेकून उभी राहिली. भावजयीची वस्तू आहे, सांभाळायला ठेवली आहे, इतकं यजमानांना पुरलं.

पहिली चाचणी अक्काने घरातल्या सैल पायजम्यावर घेतली. दोन खांबांमध्ये एक फेरी नीट झाली. तिसऱ्या खांबाशी पायजम्याचा घोळ साखळीत गेला. सायकल जागच्या जागी थांबली, अक्का थांबली नाही. सायकलला ओरखडा पडला नाही, कारण तो अक्काने स्वतःच्या कोपरावर घेतला. पण खरा घात सीटने केला. ते सीट इतकं अरुंद आणि कठीण होतं की धाकटा त्यावर हसत कसा बसायचा, हे कोडं तिला त्या दिवशी पडलं आणि त्या दिवशीच सुटलं. तो चड्डीबद्दल थट्टा करत नव्हता.

अक्का पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसत असे. दुसऱ्या दिवशी ती बसली नाही. उभीच राहिली. नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेली माणसं समोर उभी असलेली बाई बघून बिचकली आणि आवाज खाली आणून बोलू लागली. साहेबांनी हे काचेतून पाहिलं. संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले, “याला म्हणतात सेवाभाव.” आणि शेजारच्या दोन खिडक्यांवरच्या खुर्च्या उचलून आत न्यायला लावल्या. त्या खिडक्यांवरच्या दोघी निवृत्तीला टेकलेल्या होत्या. त्यांनी अक्काशी बोलणं टाकलं. दुखण्याचं कारण सांगून टाकावं असं अक्काच्या मनात आलं होतं. पण कोणत्या तोंडाने? तोंडाचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी ती खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेली. गळ्यात शिट्टी अडकवलेला, टक्कल पडलेला विक्रेता पुढे आला.

“साहेबांची कंबर किती?”

“माझ्यासाठी हवीय.”

“अच्छा, योगासनांना.”

“नाही. सायकलला.”

“हां, ती घरातली, एका जागी उभी असते ती!”

“डोंगरावरची.”

विक्रेत्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कुणीतरी आपली गंमत करतंय का म्हणून मागेही पाहून घेतलं. मग तो तिला बायकांच्या विभागात घेऊन गेला. तिथे गुलाबी रंग होता आणि ज्यांना गुलाबी नको त्यांच्यासाठी फिका गुलाबी होता. अक्काने एक चड्डी उचलून दिव्यासमोर धरली. पलीकडे उभा असलेला विक्रेता तिला नाकासकट दिसला.

“ही झुडपात टिकेल?”

“झुडपात कशाला जाता मॅडम?”

“खिसा?”

“लेडीजमध्ये खिसा येत नाही. पर्स असते ना तुमच्याकडे.”

“जाड कापडाची, गादीची, गुडघ्यापर्यंत, असली काही नाही का?”

“ती जेन्ट्समध्ये. बायका काही डोंगरावर येत नाहीत, म्हणून कंपनी बनवत नाही.” आणि लगेच, जणू दुसरीच गोष्ट सांगतोय अशा चेहऱ्याने: “कंपनी बनवत नाही, म्हणून आम्ही ठेवत नाही.”

अक्काने पुरुषांच्या विभागात जाऊन चार चड्ड्या काढल्या. एकीची गादी इतकी फुगलेली होती की ती घालून माणूस चालताना बदकासारखा दिसला असता. एकीची शिवण बरोबर नको तिथे. एकीची कंबर वाकलं की मागून खाली येई; तिने कपडे बदलायच्या खोलीत वाकून, उकिडवं बसून, गुडघा छातीला लावून सगळं तपासलं. आत बराच वेळ गेला. बाहेरून टकटक झाली. “मॅडम, बरं वाटतंय ना?”

चौथी राखाडी रंगाची होती. वरून जाड कापड, ओढलं की सैल होणारं, सोडलं की जागेवर येणारं. मांडीवर चेनचा खिसा. आत पातळ, घट्ट गादी आणि तिच्या मधोमध शिवण नाही. धाकट्याने जणू हीच हातात धरून वर्णन केलं होतं. अक्काने आरशात पाहिलं आणि एकदम तिला भरून आलं. इस्पितळात नाही, नंतर घरात माणसं भेटायला आली तेव्हाही नाही, आणि रडू आलं ते कुठे, तर पुरुषांच्या चड्डीत, दुकानातल्या आरशासमोर. तिने डोळे पुसले, किमतीचा कागद पाहिला आणि पुन्हा पुसले.

इथपर्यंत सगळं ठीक झालं. घात केला तो चांगल्या सवयींनी. नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही ही एक सवय. आणि रंग विटू नये म्हणून कपडा उलटा करून वाळत घालायचा ही दुसरी. रविवारी सकाळी रस्त्याकडच्या गॅलरीत, दोरीवर मधोमध, राखाडी चड्डी आतली बाजू बाहेर करून वाऱ्यावर डोलू लागली, गादीसकट.

दुपारी समोरच्या काकू आल्या. वाटी परत करायला म्हणून आल्या, पण वाटी आणायला विसरल्या होत्या.

“कधीपासून होतंय ह्यांना?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“काय?”

“लपवू नका हो माझ्यापासून. आमच्याकडेही आहे ते. मोठ्या माणसांची लंगोटी म्हणजे काही पाप नाही. फक्त आम्ही आतल्या दोरीवर वाळत घालतो.”

अक्काला उमजायला क्षणभर लागला. उमजल्यावर ती “नाही, नाही” म्हणाली, आणि ज्या घाईने म्हणाली त्यावरून काकूंची खात्रीच पटली.

संध्याकाळी इमारतीचे सचिव आले.

“वहिनी, आजारपणाबद्दल समितीला पूर्ण सहानुभूती आहे. पण दर्शनी बाजू ही दर्शनी बाजू. तुम्ही वैद्यकीय कारणाखाली अर्ज द्या, डॉक्टरांचा दाखला जोडा, मागच्या दोरीची परवानगी आम्ही तातडीने देऊ.”

“कुणी आजारी नाहीये भाऊ.”

“आम्ही समजू शकतो,” सचिव म्हणाले आणि न वाजवता दार ओढून घेऊन गेले.

थोड्याच वेळात यजमान परतले. खालच्या बाकावर निवृत्त मंडळींची बैठक असे आणि मधली जागा यजमानांची असे. त्यांचा चेहरा काळवंडला होता.

“मला आज कडेला बसवलं. का, तर उठून जायला सोपं! एकाने मला डॉक्टरांचं नाव सांगितलं. दुसऱ्याने दिवसाला पाणी किती पिता विचारलं. ज्या माणसाला पाहून मुख्याध्यापक उभे राहायचे, त्याला विचारतात पाणी किती पिता!”

“अहो, ती माझी आहे,” अक्का म्हणाली.

“मग खाली जाऊन तसं सांगू? नवऱ्याची नाही, बायकोची आहे? वा! म्हणजे दोघांचीही अब्रू गेली.”

“तसं नव्हे. धाकट्याने जाताना मला—”

“ते राहू दे. आधी ती दोरीवरून काढ.”

अक्काने काढली. जिभेवर आलेलं वाक्य पुन्हा आत गेलं. कुणी विचारलं असतं, कशासाठी गं, तर तिने सगळं सांगितलं असतं. पण असलं काही न विचारता कसं सांगायचं? आणि चड्डीबद्दल जगाला मत होतं, सल्ला होता, सहानुभूती होती. पण ‘कशासाठी’ हा प्रश्न काही कुणाला पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे, चहाचा कप हातात घेऊन यजमानांनी निर्णय दिला. “त्या वस्तूचं काय करायचं ते आई बघेल. तुझं काही म्हणणं? नाही ना? ठीक.”

सासूबाईंचं वय झालं होतं, पण सुईतला हात तसाच होता. जुन्याचं नवं आणि मोठ्याचं लहान करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मुलाला काहीतरी झालंय ही बोलवा त्यांच्याही कानावर आली होती आणि त्या डोळे पुसत होत्या. अक्का कामावर गेल्यावर त्या खिडकीशी बसल्या, बारीक कात्रीने टाका अन् टाका उसवला आणि गादी अलगद बाहेर काढली. कापडाला कुठे ओढ नाही, कुठे छिद्र नाही. मग चड्डीला इस्त्री केली. पुढे घडी पाडली.

अक्का संध्याकाळी आली तेव्हा यजमान ती घालून आरशासमोर उभे होते.

“आईने कसली झकास करून दिली बघ! खिसा चेनचा आहे. कापडही दणकट.”

“अहो, ती मी…”

“आता बाकावर हीच घालून जातो. बघू दे त्यांना. आत काही नाही म्हणावं!”

आणि ते गेले. बाकावर मधली जागा त्यांना परत मिळाली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते ती चड्डी घालून पायावर पाय टाकून बसू लागले, आणि बायकोने आपल्यासाठी मुद्दाम आणली असं मंडळींना सांगू लागले. वर गॅलरीत उभं राहून अक्का ते पाहत असे. सायकल अशीच गेली होती. तेव्हाही सगळे खूश होते.

ती पुन्हा दुकानात गेली. तशी दुसरी नव्हती. नवा माल पुढच्या महिन्यात. आणि सायकल या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी जाणार होती.

“पहिलीला काय झालं?” तक्रारीच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“गादी काढून टाकली.”

“कुणी?”

“घरच्यांनी.”

“मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू?”

अक्काने स्वतः हा प्रश्न खिडकीतून लोकांना विचारत आयुष्य काढलं होतं, अगदी याच थंड आवाजात. समोरचा माणूस तेव्हा तोंड उघडून पुन्हा का मिटतो, हे तिला आज समजलं. तीही मिटून परतली.

राहिला एकच मार्ग. चड्डी शनिवारी धुवायला पडली की घ्यायची आणि गादी परत शिवायची. गादी कुठे आहे हे शोधावं लागलं नाही. देवापुढे, सासूबाईंच्या पाटावर, कडेने सुबक गोट शिवून, ती पसरलेली होती. सासूबाई तिच्यावर बसून माळ ओढत होत्या.

“आई, ही गादी मला हवी होती.”

“ही?” सासूबाईंनी डोळे मोठे केले. “सूनबाई, हिच्यावर बसून जप झालाय. देवाच्या आसनाला हात लावतेस? तू?”

त्या ‘तू’मध्ये सगळं होतं. दुसरी एखादी सून रात्रीतून गादी पळवून मोकळी झाली असती. पण जपाचं आसन ओढून घेणं अक्काच्या हातून होणारं नव्हतं, हे सासूबाईंना ठाऊक होतं आणि अक्काला तर होतंच. आपल्याच श्रद्धेने आपल्याला असं कोपऱ्यात गाठावं, याला काय म्हणायचं? देवाकडे तक्रारीची खिडकी नव्हती.

अक्का आत गेली. तिचं स्वतःचं आसन लोकरीचं होतं, तिच्या आईने विणलेलं. मधला भाग बसून बसून मऊ झाला होता. तिने ते झटकलं, नीट चौपट घडी घातली आणि सासूबाईंपुढे ठेवलं.

“याच्यावर जास्त जप झालाय, आई. हे घ्या. ती मला द्या.”

सासूबाईंनी लोकरीवर हात फिरवला, बोटांनी दाबून पाहिलं.

“मऊ आहे गं!” त्या म्हणाल्या आणि सरकून त्यावर बसल्या. गादी त्यांनी पायाने थोडी पुढे ढकलली. आपलं आसन देऊन सुनेला ही चिंधी कशाला हवीय, हे त्यांनी विचारलं नाही. माळेतला मणी पुढे सरकला.

शनिवारी दुपारभर अक्का शिवत बसली. गोट उसवला, गादी आत बसवली, कडेकडेने बारीक टाके घातले. मधोमध शिवण येऊ दिली नाही. सासूबाई नव्या आसनावरून पाहत होत्या. “टाके मोठे पडलेत,” त्या म्हणाल्या. तेवढंच. संध्याकाळी यजमानांनी कपाट धुंडाळलं, चड्डी मिळाली नाही म्हणून धुसफुसत लांब पँट घालून खाली गेले, आणि बाकावर पुन्हा काहींनी एकमेकांकडे पाहिलं.

रविवारी पहाटे अक्का उठली. दिवा लावला. उघड्या फरशीवर बसून जप केला. फरशी गार होती. मग चड्डी चढवली. आत दुसरं काहीही घातलं नाही. वरून धाकट्याचा जुना सदरा घातला, चेनच्या खिशात किल्ली टाकली आणि दाराची कडी हळूच काढली.

“अगं, माझी राखाडी—” यजमान चहासाठी बाहेर आले होते. त्यांनी अक्काचे गुडघे पाहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण उजेडात उभे असलेले ते गुडघे त्यांना अनोळखी वाटले असावेत. मग त्यांची नजर सदऱ्यावर गेली. तो कुणाचा हे त्यांना ओळखू आलं, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“कुठे निघालीस?”

या प्रश्नासाठी अक्का किती थांबली होती! दुकानात, गॅलरीत, त्या बाकाकडे पाहत, आसनाची घडी घालताना. आता तो आला होता, आणि बाहेर अजून झुंजूमुंजूच होतं. सूर्य वर यायला वेळ होता. तिचं मौन होतं.

“अगं, विचारतोय मी. कशासाठी?”

थांबली असती तर सांगता आलं असतं. चहा होईपर्यंत उजाडलंच असतं. यजमान सवयीने क्षणभर थांबले. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं आणि दार आपल्यामागे ओढून घेतलं.

तळघरात सचिव पाण्याची मोटर चालू करायला उतरले होते. “वहिनी, हे असं…” ते म्हणाले, आणि कोणत्या नियमाखाली हे बसतं ते शोधू लागले. ते सापडायच्या आत अक्काने सायकल खांबापासून सोडवली, फाटकाबाहेर काढली आणि सीटवर बसून पाहिलं. टाके धरून होते. गादी जागेवर होती.

रस्ता रिकामा होता. त्याच्या टोकाला डोंगर काळाच दिसत होता, वरचं टाकं अजून दिसत नव्हतं. सायकल थोडी डगमगली. मागून सीट धरायला कुणी नव्हतं. अक्काने मान वळवली नाही, पायडल खाली दाबलं, आणि डोंगराच्या दिशेने निघाली.